आज्जी खाली गेली की गेम अडकतो

माझा धाकटा लेक उमेश पुण्यात बसून मला माझाच दिवस सांगायचा, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. रोज संध्याकाळी फोन. फोन करायला माझी ना नाही, लेकानं आईला फोन करावाच. पण चौकशी म्हणून करावा. हा साक्षीदारासारखा बोलायचा.

"आई, आज जेवायला तीन वाजवलेस तू."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला कळतं."

दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "स्टुलावर चढून जळमटं कशाला काढायची? गडी आहेत की." तिसऱ्या दिवशी, "दुपारी बसल्या बसल्या डोळा लागला होता नव्हं? वर जाऊन नीट आडवी होत जा."

आता माझा डोळा लागला हे मलाच धड ठाऊक नव्हतं आणि ह्याला पुण्यात ठाऊक. म्हणजे घरातलं कुणीतरी चहाड्या करत होतं. घरात माणसं किती? थोरला सदाशिव. तो यंत्रमागांच्या धडधडीत वाढलेला, त्याला हो आणि नाही ह्यापलीकडं बोलायला येत नाही. त्याची लेक तेजल कॉलेजात होती. घरी आली की कानांवर डबडी लावून कॉम्प्युटरपुढं बसायची. घर पडलं असतं तरी तिला कळलं नसतं. उरली कोण? सदाशिवाची बायको रंजना. मी रंजनाशी बोलणं कमी केलं. तिनं चहा आणला की प्यायचा, बरा झालाय की वाईट ते सांगायचं नाही. मी नावं ठेवली नाहीत की तिला झोप लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचं घर इचलकरंजीत. खाली कापडाचे माग, वर आम्ही. आमचे मालक, ह्या पोरांचे वडील, गेले तेव्हा भावकीला वाटलं, ही बाई आता माग विकून मोकळी होणार. मी चौथीच्या पुढं शाळा बघितलेली नाही, पण विकले मात्र नाहीत. मागांच्या शेडला लागून फळ्या मारून केलेली एक खोली आहे. तयार कापड तिथं येतं. त्यात कुठं दोष नाही ना ते मी बघते आणि मग ते गाडीत चढतं. मालक बसायचे त्याच खुर्चीवर मी बसते. समोरच्या भिंतीवर मालकांचा फोटो.

त्याच खोलीत आदल्या उन्हाळ्यात मी तेलावरनं घसरले. मनगट मोडलं. ओरडले, पण चालू मागांपुढं बाईचा आवाज कुणाला जातो? एक मागवाला कापड घेऊन आत आला तेव्हा त्याला मी जमिनीवर दिसले. हात जुळला आणि मी परत खुर्चीवर जाऊन बसले. उमेश म्हणाला, "बास झालं आता, वर बस." मी म्हणाले, "वर बसून काय पंख्याचे फेरे मोजू?"

मग त्यानं तो विषय सोडला. दसऱ्याला आला तेव्हा मालकांच्या फोटोला नवी चौकट करून घेऊन आला. चांगली जाड, काळी, भोवतीनं बारीक दिव्यांची माळ. वायर मागच्या मागं प्लगात. दिवसरात्र मालक उजेडात. मी आल्यागेल्याला दाखवायची, "धाकट्यानं केलंय." त्याच खेपेला त्यानं तेजलच्या कॉम्प्युटरमध्येही कसलातरी नवा भाग बसवून दिला, आणि तो कधी बंद करायचा नाही म्हणून बजावलं. पोरगी काका काका करत त्याच्या मागं फिरली. मला वाटलं, लेक सुधारला.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला.

तर उमेशच्या त्या फोनांच्या दिवसांत, एका बुधवारी दुपारी, मी जेवायला वर आले. तेजल कॉम्प्युटरपुढं रडत बसलेली.

"काय गं? कोण मेलं?"

"मीच मेले, आज्जी. तिसऱ्यांदा."

मी तिच्या शेजारी खाटेवर बसले. पडद्यावर बंदुका घेतलेली माणसं. तिनं डोळे पुसले आणि मला समजावून सांगायला लागली. पाच जणींची त्यांची टीम. कुणी पुण्याची, कुणी नागपूरची, एक सांगलीची. आपापल्या घरातनं एकत्र खेळायचं. रेवा म्हणून पुण्याची पोरगी त्यांची कॅप्टन. रविवारी मॅच होती. ती जिंकली की मोठ्या स्पर्धेत जायचं, स्टेजवर बसून, लोकांसमोर.

"मग रडतीस कशाला? खेळ की."

"खेळू कशी? हा खेळ नवीन, कॉम्प्युटरला जड. हा आकडा बघ." पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा आकडा होता. "हा दीडशेच्या आसपास असला की चित्र नीट पळतं. चांगलं पळत असतं आणि मध्येच धाडकन वीसवर येतो. चित्र अडकतं. तेवढ्यात समोरचा मला उडवतो. रेवाताई म्हणाली, रविवारीपण असंच झालं तर तुझ्या जागी दुसरी घेईन. ती दुसरी आत्तापासनं तयारीला लागलीय."

"तर मग दुसरा कुठला तरी खेळ बघ. एकच खेळ आहे काय जगात?"

तेजलनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुला कुणी म्हणालं, आज्जी, कापड बघायचं सोड, त्यापेक्षा मेथी निवड, तर?"

"म्हणून तर बघावं कुणी!"

"मग?"

त्या घटकेपासनं मी पोरीच्या बाजूनं झाले. खेळ मला कळला नाही, पण पोरगी कळली.

मी तिथं बसले होते तोवर तिनं एक डाव खेळून दाखवला. आकडा दीडशेच्या खाली आलाच नाही. "बघ," मी म्हणाले, "उगीच रडायलीस." जेवून मी खाली गेले. अर्ध्या तासात रंजना सांगत आली, "आत्याबाई, पुन्हा अडकला म्हणे. डोकं आपटून घ्यायलीय."

गुरुवारी मुल्लांचा इरफान आला. बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, त्याचे वडील आमच्याकडं जॉबर होते, माग दुरुस्त करायचे. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि हसायला लागला. आत सुताची लव. पंखा कुठला आणि भिंत कुठली ते दिसेना.

"काकू, ह्यात एक उशी भरून होईल."

"मागावरचं घर आहे बाबा. आमच्या नाकात पण तेवढीच असेल."

"ह्याला श्वास घेता येईना. गरम होतं आणि मग हळू चालतं." त्यानं सगळी लव काढली, पंखा धुतल्यासारखा केला. त्याचा चहा होईपर्यंत मी तिथंच होते. तेजल खेळत होती. आकडा जागचा हलला नाही. पोरीनं मला मिठी मारली, इरफानला मारता येईना म्हणून त्याला दोन लाडू दिले.

मी खाली येऊन खुर्चीवर टेकते न टेकते, तोच वरनं किंकाळी.

मग इरफान म्हणाला की कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. तेजलनं आधी काकाला फोन लावला. काकाचाच तर तो भाग, काकाला जास्त कळणार. मी जिन्यात उभी होते, फोन मोठ्यानं लावलेला.

"पुसू नकोस," उमेश म्हणाला. "अजिबात पुसू नकोस. सेटिंग कमी कर. चित्र जरा धूसर दिसेल, पण चालेल."

"केलं काका. तरीपण अडकतो."

"मग तुमचं इंटरनेट असेल. मी सुट्टीला आलो की बघतो."

"काका, रविवारी मॅच आहे!"

"अगं, गेमच आहे ना? एवढं काय?"

तिनं फोन ठेवला. काका म्हणाला पुसू नको, म्हणून पुसलं नाही. त्यानं सांगितलेलं सगळं तिनं केलं. इंटरनेटची वायर बदलली. आवाजाची डबडी बदलून बघितली. सदाशिव काही न बोलता एक टेबलफॅन आणून डब्याच्या तोंडाशी लावून गेला. शुक्रवारी तिनं कॉलेज बुडवलं आणि दिवसभर खेळून बघितलं. कधी तास तास नीट चालायचं. कधी लागोपाठ अडकायचं. कशाला कशाचा मेळ नाही.

मेळ लावला तो तिनंच. शुक्रवारी संध्याकाळी पोरगी माझ्यापुढं येऊन उभी राहिली, चेहरा एकदम विचारात.

"आज्जी, रागावणार नसलीस तर एक सांगू?"

"रागावायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"तू वर असलीस की गेम नीट चालतो. तू खाली गेलीस की अडकतो."

रंजना भाकरी थापत होती. तिला हसू आवरेना. "आत्याबाई, खालनं तुमची नजर लागत असेल. मीठमोहऱ्या ओवाळू काय कॉम्प्युटरवरनं?"

"ओवाळ की. आणि तुझ्यावरनंपण ओवाळ, तुझी जीभ लई चालायलीय हल्ली." चहाड्यांचं माझ्या मनात होतंच. ती भाकरीकडं वळली. मग मी तेजलला म्हणाले, "मी काय मांजर आहे आडवं जायला?"

"मी अपशकुनाचं बोलतच नाही, आज्जी. बुधवारी तू बसलीस, नीट. काल इरफानदादाच्या वेळी तू बसलीस, नीट. आज तू दुपारी इथं निजलीस, मी दोन डाव जिंकले. कायतरी असणार. उद्या बघूया आपण. नीट लावून बघूया."

मला राग आला होता, पण पोरगी बोलत होती ती पद्धत बरोबर होती. माग सारखा बंद पडायला लागला तर आम्हीपण असंच करतो. एकेक गोष्ट बदलून बघायची, एका वेळी एकच. सगळं एकदम बदललं की कशानं सुधारलं तेच कळत नाही. हे तिच्या आजोबांचं शिकवणं, तिला कुणी सांगितलं नसताना आलेलं.

शनिवारी आम्ही बसलो. मी खाली खुर्चीवर. तेजल वर. मध्ये जिन्यावर रंजना. तिथनं तिला दोघी दिसतात. माग चालू असताना ओरडून काही कळत नाही, म्हणून मागवाल्यांच्या खुणा असतात. त्याच आम्ही घेतल्या. तळहात आडवा धरला की चाललंय. मूठ वळली की बंद पडलं.

मी खुर्चीवर बसले. रंजनानं मूठ वळली.

मग मी नुसती बसून राहिले. हात मांडीवर. बराच वेळ. रंजनाचा तळहात आडवा.

मी चष्मा काढून पदरानं पुसला. मूठ.

पुन्हा गप्प. तळहात.

मी कापडाचा ताका उचलून ठेवला. मूठ. मी मुद्दाम हात वर करून हलवला. मूठ. दोन्ही हात हलवले, नाचल्यासारखे. रंजना जिन्यावर हसून खाली बसली, पण मूठ तशीच. तेवढ्यात सदाशिव कापड घेऊन आत आला, मी असे हात नाचवतेय बघून दारातच थांबला.

"काय झालं?"

"तू आत ये. हल जरा."

"आं?"

"अरे हल म्हणते ना!"

तो बिचारा दोन पावलं हलला. मी दगडासारखी बसलेली. तरी रंजनाची मूठ. म्हणजे दोष एकट्या माझ्यात नव्हता. मला फार बरं वाटलं. पण मग त्या खोलीतच काहीतरी होतं. कुणी हललं की त्याला कळत होतं.

वरनं तेजल धावत आली, पण खोलीत आली नाही. दारातच थांबली. तोंड उतरलेलं.

"आज्जी, वर ये."

वर गेले. कॉम्प्युटर त्या घडीला कशात गुंतलाय ते दाखवणारी खिडकी तिनं उघडून ठेवली होती. गेमच्या खाली आणखी एक नाव. "हे मी घातलेलं नाही," ती म्हणाली. "हे काकानं दसऱ्याला घातलं असणार. तू हललीस की हे जागं होतं आणि सगळी ताकद ओढून घेतं. गेमला काही उरत नाही. आत जायला पासवर्ड मागतंय. पण ह्याची चित्रं कुठं साठतात ते मला सापडलं."

"कसली चित्रं?"

तिनं बटण दाबलं.

पडद्यावर मी होते. खुर्चीवर, मान मागं, तोंड उघडं, झोपलेली. मग स्टुलावर चढलेली. वरनं आलेला जेवणाचा डबा तीन वाजता उघडून जेवणारी. पदर खोचणारी. पायाला तेल लावणारी, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन. आणि एकात मी अगदी जवळ, पुढं आलेली, हात जोडून, तोंड हलतंय. मालकांशी बोलत होते. सकाळी आधी त्यांच्याशी बोलते मी. काय बोलते ते कुणाला सांगत नाही.

सगळी चित्रं वरनं घेतलेली. समोरच्या भिंतीवरनं. मालक मला बघतात तिथनं.

तेजलनं पडदा बंद केला. रंजना दारात उभी होती, तिनंही बघितलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे भाऊजींना ते जेवणाचं वगैरे ह्यातनं कळत होतं?"

"त्यातनंच," मी म्हणाले. "मला वाटलं होतं, तू सांगायलीस."

रंजनानं माझ्याकडं बघितलं. "तरीच चहाला नावं ठेवणं बंद झालं होतं. मी म्हटलं, आत्याबाईंना बरं नाही की काय."

मी खाली गेले. स्टुलावर चढले, मुद्दाम. चौकटीच्या वरच्या पट्टीत, दिव्यांच्या मध्ये, मिरीएवढा काळा ठिपका होता. जवळनं बघितला तर कॅमेऱ्याची काच. इतके महिने मी त्याला हळदकुंकू वाहत होते.

प्लग उपसला. दिवे गेले. मी खुर्चीवर येऊन बसले. वरनं काही किंकाळी नाही. तळहात आडवा असणार.

थोड्याच वेळात फोन वाजला.

"आई! बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, सहज केला."

"रोज संध्याकाळी करतोस. आज भर दुपारी सहज?"

"तिकडं लाईट गेलीय काय?"

"माग चालू आहेत. ऐकू येत नाहीत तुला?"

"मग बाबांच्या फोटोचा प्लग निघाला असेल बघ. तेवढा लावतेस?"

"निघालेला नाही. मी काढलाय."

पलीकडनं बारीक आवाजात, "आई, ऐकून घे आधी."

"उद्या पोरीची मॅच आहे. ती होईतोवर मला काही ऐकायचं नाही. आणि प्लग असाच राहणार."

"आणि तू पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर उठेन," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यानं किती वेळा केला, मी घेतला नाही. रंजनाला केला, तिनंही घेतला नाही. ते मी तिला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी उमेश दारात हजर. दाढी वाढलेली, डोळे लाल. तेजलची मॅच नुकतीच सुरू झालेली. रविवारी आमचे माग बंद असतात, त्यामुळं शेड गप्प. मी खुर्चीवर बसले होते. तो आत आला आणि आधी फोटोकडं बघितलं. अंधारातल्या मालकांकडं.

"बस," मी म्हणाले. तो ताक्यांच्या ढिगावर बसला. लहानपणी बसायचा तसा.

"आई, तू चुकीचं समजायलीस."

"मी अजून काहीच म्हणाले नाही."

"तुझं तरी मी काय वाईट केलं? दुसऱ्या कुणाला दाखवत होतो काय? मी एकटा बघत होतो."

"पायाला तेल लावताना पण?"

त्यानं मान खाली घातली. "ते लगेच पुढं ढकलायचो. देवाशपथ."

जिन्यात रंजना उभी होती, वरच्या दाराला कान लावून. तिनं मला बघून तळहात आडवा केला. पोरीचं नीट चाललं होतं.

"तू पडलीस ना," उमेश म्हणाला, "त्या दिवशी आमच्या ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मी केक खात होतो. दादाचा फोन आला, आई पडलीय. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, ठाऊक नाही, बराच वेळ पडून होती. मी घड्याळ बघत बसलो. म्हटलं, मी टाळ्या वाजवत होतो तेव्हा आई जमिनीवर होती काय? आत्तापण रात्री जाग आली की तेच येतं डोक्यात. तुला वर बस म्हणालो, तू ऐकलं नाहीस. मग मी काय करणार होतो?"

लेकाचा आवाज फाटला होता. मी आई आहे. मला कळलं. त्याच्याजवळ जाऊन डोक्यावरनं हात फिरवावा असंही वाटलं. पण एक गोष्ट विचारायची राहिली होती आणि ती विचारल्याशिवाय मला हात फिरवता येईना.

"एक सांग. गेम कशानं अडकतो, हे तुला ठाऊक होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे म्हणजे काय करतोस? तेजलनं गुरुवारी फोन केला. मी जिन्यात होते. तिनं सांगितलं तेव्हा तुला कळलं होतं की नाही?"

त्यानं ताक्याचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळला. सोडला. परत गुंडाळला.

"अंदाज आला होता."

"अंदाज?"

"कळलं होतं." मग घाईनं म्हणाला, "पण सांगितलं असतं तर तिनं बंद केलं असतं. आणि तुझ्यापर्यंत आलं असतं. मी म्हटलं, गेमच तर आहे. एक मॅच हरली तर काय बिघडतं? इकडं आईचा जीव आहे."

"म्हणून तिला इंटरनेटची वायर बदलायला लावलीस."

त्यानं बोटाचा धागा तोडला.

तेवढ्यात वर दार आपटलं आणि तेजल जिन्यावरनं उड्या मारत आली. "आज्जी! एकदाही नाही अडकला! दोन डाव आमचे! रेवाताई म्हणाली, स्पर्धेला तूच, आणि पोरगी अशी खेळत होती तर इतके दिवस कुठं होती म्हणे!" खोलीच्या दारात येऊन ती थांबली. काका दिसला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"अभिनंदन, तेजू," उमेश म्हणाला.

"तुला ठाऊक होतं, काका?"

त्यानं नजर ताक्यांकडं वळवली. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला तेवढ्यात कळलं.

"मी रोज रडत होते," ती म्हणाली. आरडाओरडा नाही, काही नाही. "तू मला सेटिंग कमी कर म्हणालास, मी केली. मला वाटायला लागलं होतं, मलाच नीट खेळता येत नाही." एवढं बोलून ती वळली आणि वर गेली. मागनं रंजना गेली.

उमेश उठला, कपडे झटकले.

"मी काढतो तिची समजूत," म्हणाला. "ह्याच्याहून भारी पार्ट आणून देतो तिला. दोन दिवसांत विसरेल. पोरगीच आहे शेवटी."

"थांब," मी म्हणाले. तो थांबला. "पार्टबिर्ट काही आणू नकोस. माझ्यावर डोळा ठेवलास, तो तू भ्यालास म्हणून. त्याचं मी तुझ्याशी सावकाश भांडीन, मला काही घाई नाही. पण ती पोरगी रडत तुझ्याकडं आली, तू तिचा सख्खा काका, तुला सगळं ठाऊक होतं आणि तू तिला हरू दिलंस. वर तिलाच वाटू दिलंस की चूक तिची आहे. आईची काळजी आहे म्हणून आपण भले, असं तू समजतोस, उमेश. तू भला नाहीस. भला माणूस गुरुवारीच बोलला असता."